बारातोंड्या आणि एक उलटा आटा

तमाम जनतेस, विशेषतः उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील रहिवाशांस, कळवण्यात येते की प्रस्तुत लेखिकेने गेल्या सत्तावीस वर्षांत या परिसरात अनेक विश्वे बांधली असून त्यांपैकी एकाही विश्वासाठी नगरपालिकेची परवानगी घेतलेली नाही. सदर विश्वे आकाराने मर्यादित आहेत, मात्र त्यांना भिंत, कुंपण अथवा शेवट नाही. कोणाची हरकत असल्यास ती लेखी स्वरूपात आणावी. तोंडी हरकतींवर लेखिका उलट प्रश्न विचारते, असा आजवरचा अनुभव आहे.

झालं. आता माणसासारखी बोलते.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि अंबरनाथ पूर्वेला राहते. पोट भरतं ते शिकवण्यावर. पण माझा खरा उद्योग म्हणजे सुबक, समान तोंडांच्या ठोकळ्यांपासून वक्र अवकाश बांधणं. हे वाक्य मी लग्नात, बारशात आणि एकदा स्मशानातल्या बाकावरही उच्चारलेलं आहे, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारी ती सभ्य भीती मला फार आवडते. आमच्या इमारतीच्या खजिनदारांनी अर्धंच ऐकलं. 'अवकाश' आणि 'बांधणं'. या भागात दर तिसरा माणूस बिल्डर असतो, त्यामुळे त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, कार्पेट एरिया किती बसतो?"

मी म्हटलं, "कार्पेट अंथरत जा. भिंत येणार नाही. त्याचं दुसरं टोक तुमच्या पाठीमागून येईल."

तेव्हापासून ते मला मेंटेनन्सची आठवण नोटिशीनेच करून देतात.

धंदा काय आहे ते दोन मिनिटांत सांगते, मग गोष्ट. एक खोली घ्या. साधी चौकोनी नको. बारा भिंतींची, प्रत्येक भिंत पंचकोनी. शास्त्रात तिला द्वादशफलक म्हणतात. आमचे वेल्डिंगवाले भोईर तिला बारातोंड्या म्हणतात आणि मी आता तेच म्हणते. आता असा नियम करा की एका भिंतीतून बाहेर पडलं की समोरच्या भिंतीतून आत यायचं. मोबाइलवरच्या सापाच्या खेळात साप उजवीकडून जातो आणि डावीकडून येतो ना, तसं. फक्त इथे एक मेख आहे. बारातोंड्याची समोरासमोरची तोंडं एकमेकांशी जुळत नाहीत. वरच्या पंचकोनाचं टोक जिथे आहे तिथे खालच्या पंचकोनाची सपाट कड येते. म्हणून भिंतीतून जाताना थोडं वळावं लागतं, पूर्ण गिरकीचा दहावा भाग. अशा खोलीत उभं राहून समोर पाहिलंत तर तुम्हाला स्वतःचीच पाठ दिसेल, किंचित कललेली.

मग हा अवकाश वक्र का? तर तीन बारातोंडे कडेला कड लावून ठेवून बघा. मध्ये जवळजवळ दहा अंशांची फट राहते. आपल्या सरळ अवकाशात ती मिटत नाही. ती मिटवायची तर अवकाशालाच फुगवटा द्यावा लागतो. उल्हासनगरमधल्या कोणत्याही शिंप्याला हे माहीत आहे: सपाट कापडाला टक्स घातल्याशिवाय ब्लाऊजला गोलाई येत नाही. आम्ही अवकाशाला टक्स घालतो. बारातोंड्या हातात उचलून परत त्याच जागी बसवायच्या साठ तऱ्हा आहेत. बारातलं कोणतंही तोंड वर घ्या आणि पाच प्रकारे फिरवा. त्या साठांच्या दुप्पट, म्हणजे एकशेवीस खोल्या शिवल्या की गोलाई पूर्ण होते, कुठेही फट उरत नाही. दुप्पट का ते विचारू नका. मी सांगेन, आणि तुमचा फराळ तसाच राहील.

आता गोष्ट. ती रंजनाची आहे.

रंजना बदलापूरला शिरगावात राहते आणि तिथल्याच शाळेत शिकवते. पस्तिशीत असताना माझ्याकडे पीएच.डी.ला आली. दोन मुलं, सकाळची शाळा, दुपारी सासूबाईंचं डायलिसिस, आणि उरलेल्या वेळात वक्र अवकाश. बोलायला अतिशय मऊ. मी चुकून 'रविवारी ये' म्हटलं आणि मग स्वतः विसरून लग्नाला गेले, तर ती माझ्या दाराशी दीड तास बसून परत गेली आणि सोमवारी म्हणाली, "काही नाही मॅडम, वाऱ्यावर बसून दोन गणितं झाली." अशा माणसाचं काय करावं ते मला कधी कळलं नाही. मी जरा जास्त ओरडायची, एवढंच.

तिच्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. प्रबंध छापून, बांधून परीक्षकांकडे गेला होता आणि शनिवारी तोंडी परीक्षा होती, सगळ्यांसमोर, हॉलमध्ये. प्रबंध परत आला असता तर सहा वर्षं पाण्यात. आणि परत येण्याची एक वाट मला मंगळवारी दिसली.

झालं असं की मला नाटक लागतं. कोरड्या फळ्यावर रंजनाने बोलावं हे मला पटेना. म्हटलं, हॉलच्या मधोमध एक भला मोठा बारातोंड्या पाहिजे, रंगीत फितींचा. म्हणून मी आनंदनगर एमआयडीसीत भोईरांकडे गेले. भोईरांचं तिथे लेथ आणि वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. माझ्या विचित्र ठोकळ्यांची त्यांना वीस वर्षांची सवय. त्यांनी लोखंडी सळ्यांचे तीस तुकडे कापले, नऊ नऊ इंचाचे, आणि वीस कोपरे जोडून सुंदर सांगाडा केला. प्रत्येक तोंडाला पत्र्याच्या बिल्ल्या अडकवल्या: पाच कडांना एक ते पाच नंबर. नंबर कुठून घ्यायचे? रंजनाच्या प्रबंधातल्या चौथ्या प्रकरणाच्या पहिल्या चित्रातून. ते चित्र मी काढलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी, स्टाफरूममध्ये, पुठ्ठ्याचा ठोकळा समोर ठेवून, एका उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे. रंजनाने तो कागद जपून ठेवला होता आणि जसाच्या तसा प्रबंधात छापला होता. माझी रेष बरी आहे, त्यामुळे मला गुदगुल्याच झाल्या होत्या.

फिती घ्यायला मी उल्हासनगरला लेसच्या दुकानात गेले. मालक सिंधी, ओळखीचे.

"दस रंग, हर रंग के तीन टुकडे," मी म्हटलं.

"तीनच? दीदी, लग्न आहे का कोणाचं?"

"परीक्षा आहे."

"परीक्षा में रिबन?" त्यांनी रंग काढता काढता मान हलवली. "आजकल सिलॅबस बहुत बदल गया है."

दहा रंग, तीन तीन तुकडे. कारण बारातोंड्याची तोंडं बरोबर जुळवली तर त्याच्या तीस कडा आपोआप तिघी-तिघींच्या दहा गटांत जमतात. शोधायची रीत सोपी आहे. वरच्या तोंडाची एक नंबरची कड समोरच्या तोंडाच्या एक नंबरच्या कडेला मिळते, दोघींना लाल फीत बांधा. ती दुसरी कड शेजारच्या तोंडाचीही असते, तिथे तिचा नंबर वेगळा असतो. तो नंबर धरून त्याच्या समोर जा, लाल बांधा. तीन कडा झाल्या की तुम्ही निघालात तिथे परत. मग दुसरा रंग. मी हे भोईरांना समजावलं आणि निश्चिंत मनाने लेक्चरला गेले.

मंगळवारी भोईरांचा फोन. "मॅडम, येऊन जा. फोनवर सांगण्यासारखं नाही."

गेले. सांगाडा टेबलावर होता आणि निम्मा लालभडक झाला होता. बाकी पाच रंग शहाण्यासारखे तीन-तीन कडांवर बसले होते. चार रंगांच्या गुंडाळ्या बाजूला, हात न लावलेल्या.

"हा लाल थांबतच नाही," भोईर म्हणाले. "पंधरा कडा खाल्ल्या तेव्हा घरी आला. फीत कमी पडली, दसऱ्याला मशीनींना बांधायला आणलेली वापरली. तीनदा सोडून बांधलं. माझं काही चुकत नाही, तुमच्या कागदातच लोचा आहे."

मी हसले. थिएटरात हसतात तसं. मग नंबर बघितले आणि हसू बंद झालं.

भोईरांनी डब्यातून दोन बोल्ट काढले. "हे बघा. समोरासमोरच्या तोंडांतून एक बोल्ट आरपार गेलाय असं धरा. सहा जोड्या, सहा बोल्ट. पाच बोल्टना सुलटे आटे आहेत. हा वर-खालचा एकटा उलट्या आट्याचा. एका कडेने सरकलाय."

"वरून बघताय म्हणून तसं वाटत असेल," मी दुबळा प्रयत्न केला.

"मॅडम, सुलटा आटा कुठल्या पण टोकाने बघा, सुलटाच दिसतो. नट दोन्ही बाजूने चढवून बघा ना."

दर वर्षी हा मुद्दा समजावायला मी दोन तास घेते, फळाभर बाण काढते आणि शेवटी अर्धा वर्ग विचारतो, परीक्षेला आहे का. भोईरांनी तो एका वाक्यात संपवला. मला त्या अवस्थेतही त्यांचा हेवा वाटला.

"गॅसच्या नळीच्या जोडाला मुद्दाम उलटे आटे देतात," ते पुढे म्हणाले, "ऑक्सिजनची नळी चुकून लागू नये म्हणून. तसं मुद्दाम केलंय का तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम."

भोईरांनी माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांत त्यांनी मला कधी खोटं पाडलेलं नाही, त्या दिवशीही पाडलं नाही. "बरं," म्हणाले आणि बोल्ट डब्यात टाकले.

रिक्षात बसून मी प्रबंध उघडला. चित्राचं पान काढलं. समोरच्या पानावर रंजनाची आकडेमोड होती, आणि इथे मला खरा घाम फुटला. आकडेमोड बरोबर होती. दहा गट, तीन तीन कडा, पुढे एकशेवीस. एकूण एक ओळ निर्दोष. पण समोरच्या पानावरच्या चित्रातून ती येऊच शकत नव्हती. चित्र उलट्या आट्याचं, उत्तर सुलट्या आट्याचं. चित्र चुकलेलं असणं ही चूक आहे. चुकलेल्या चित्राखाली बरोबर उत्तर असणं याला आमच्या धंद्यात एकच अर्थ आहे: उत्तर दुसरीकडून उचललंय.

हा अवकाश नवा नाही. त्याचं उत्तर पुस्तकांत असतं. रंजनाचं स्वतःचं काम पाचव्या प्रकरणात होतं, पण ते सगळं या चौथ्यावर उभं होतं. परीक्षकाने ही दोन पानं शेजारी धरली की संपलं. मुलीवर कॉपीचा शिक्का.

आणि मी लाज सोडून सांगते, शिक्का मारणाऱ्यांच्या रांगेत त्या रिक्षात पहिला नंबर माझा होता. मला वाटलं, दमली असेल. सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा, एक आठवडा कमी पडला असेल आणि तिने पुस्तकातून उतरवून घेतलं असेल. सहा वर्षं दर आठवड्याला जिचं काम मी बघितलं तिच्याबद्दल मला हे वाटलं, आणि वाटायला अंबरनाथचा एक सिग्नलसुद्धा लागला नाही. आपणच काढलेलं चित्र चुकलंय ही गोष्ट मात्र मी घाईघाईने त्याच्याखाली सरकवली.

बुधवारी शिरगावला जायला निघाले आणि अर्ध्या वाटेत रिक्षा थांबवून भाजी घेऊन परत आले. गुरुवारी पुन्हा निघाले, पोहोचले. रंजनाने दार उघडलं. हातात इस्त्री, खुर्चीवर साडी.

"मॅडम, तुम्ही? मी आले असते ना."

"सहज. या बाजूला आले होते." शिरगावात माझं या बाजूला काहीही नाही, हे तिला माहीत होतं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "रंजू, बाईंना आधी बसायला दे. मग तुमचं ते गोल गोल."

तिने अळूवड्या दिल्या. मी चार खाल्ल्या, चव कळली नाही. ती साडीबद्दल बोलली, सासूबाईंना शनिवारी कोण नेईल त्याबद्दल बोलली. मी विचारायला तोंड उघडायची आणि अळूवडी घालून बंद करायची. शेवटी चप्पल घालताना तिनेच, खाली बघत, विचारलं,

"मॅडम, चौथ्या प्रकरणातल्या त्या चित्राबद्दल काही विचारलं तर... काय सांगू?"

म्हणजे तिला माहीत आहे, मला वाटलं. कबुलीच देतेय. आणि मला ती ऐकायची नव्हती. ऐकली असती तर काहीतरी करावं लागलं असतं.

"चित्राबद्दल कोण विचारतंय," मी म्हटलं. "पाचवं नीट वाच."

"हो मॅडम," ती म्हणाली. काहीतरी अजून बोलणार होती. मी जिना उतरले.

शुक्रवारी मी भोईरांना फोन करून सगळ्या फिती आणि नंबरांच्या बिल्ल्या काढायला सांगितल्या. "नुसता सांगाडा आणा."

"फिती पण आणू का?"

"आणा. खिशात ठेवा."

शनिवारी भोईर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. हॉलमध्ये पंचवीसेक माणसं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, सावकाश बोलणारे. असे परीक्षक मला भीती घालतात; भराभर बोलणारे स्वतःच्याच बोलण्यात हरवतात. त्यांनी पाचव्या प्रकरणाचं कौतुक केलं. मग चष्मा बदलला आणि पानं मागे उलटली. मी खुर्चीचा हात धरला.

"बाई, हे तुमचं चित्र. यावरून मी कडा मोजल्या. मला पंधरांचा एक मोठा गट आणि तिघींचे पाच गट मिळतात. समोरच्या पानावर तुम्ही दहा गट लिहिलेत. उत्तर बरोबर आहे. ते या चित्रातून आलेलं नाही. मग कुठून आणलंत?"

रंजनाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी, जिने आयुष्यभर प्रत्येक प्रश्नाच्या आधी उत्तर दिलंय, फरशीकडे बघू लागले.

"करून दाखवते सर," ती म्हणाली.

भोईर उठलेच होते. त्यांनी फिती तिच्या हातात दिल्या. प्रबंध टेबलावर मिटलेला होता, कागद नव्हता, बिल्ल्या नव्हत्या. ती सांगाड्याभोवती फिरू लागली. वरच्या तोंडावर हात ठेवायची, समोर जाताना मनगट किंचित फिरवायची, कड पकडून फीत बांधायची. खालच्या तोंडाची पाळी आली की सरळ वाकून, मान तिरकी करून खालून बघायची. लाल तीन, परत घरी. पिवळा तीन, परत घरी. मागून भोईरांचा दबका आवाज येत होता, "सुलटा... सुलटा." सहावा रंग झाला, सातवा झाला. मी सव्वीस-सत्तावीस कडांपर्यंत मोजलं आणि मग मला मोजता येईना, कारण डोळ्यांपुढे सगळ्याच फिती एका रंगाच्या व्हायला लागल्या. जे हात असे फिरतात ते कुठल्या पुस्तकातून उतरवलेले नसतात. हे काम तिने केलेलं होतं, एकटीने, आणि एकदा नव्हे, पुष्कळदा.

दहावा रंग संपला. तीस कडा, दहा गट. परीक्षकांनी उठून स्वतः सांगाड्याभोवती एक चक्कर मारली आणि मग अगदी हळू विचारलं, "तुम्हाला हे इतकं येतं. मग प्रबंधात हे चुकीचं चित्र का?"

रंजना खाली बघत राहिली. कोणी मध्ये पडलं नसतं तर ती अजून दीड तास तशीच उभी राहिली असती.

मी उठले. नाट्यमय बोलायची सवय आहे, पण त्या वेळी वाक्यं लंगडी आली. "चित्र माझं आहे. सहा वर्षांपूर्वी मी काढलेलं. चुकलंय हे मला मंगळवारी कळलं आणि मी हिला सांगितलं नाही. कसं चुकलं ते मला अजून समजत नाही. पाच जोड्या बरोबर काढल्या आणि एकच कशी..."

पुढचं आधीच सांगून टाकते. परीक्षकांनी ते एक पान बदलून द्यायला सांगितलं आणि वीस मिनिटांत पदवीची शिफारस लिहिली. आता ती डॉक्टर रंजना आहे, आणि सांगाडा तिच्या शाळेत आहे. मुलं त्यावर डबे वाळत घालतात. पण त्या क्षणी हे काही ठरलेलं नव्हतं. मी उभी होते, वाक्य अर्धवट होतं, आणि सहा वर्षांत माझ्यापुढे आवाज न चढवलेली ही बाई, भर हॉलमध्ये, माझं वाक्य तोडून म्हणाली,

"मॅडम, तेव्हा ठोकळ्यावर तुमचा चहाचा कप होता, म्हणून तुम्ही तो उचलून खालून बघितलाच नाहीत, मला तेव्हाच दिसलं होतं, पण तुम्ही इतक्या रंगात आला होतात, कप उचला असं कसं सांगणार?"